डेबियन १२ वर जुना ३२-बिट प्रोग्राम: लोडरपासून आवाजापर्यंत

सध्याची स्थिती: सोर्स उपलब्ध नसलेला, सोबत स्वतःचं 'लिब' फोल्डर आणणारा ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट डेबियन १२ (लिनक्सची एक आवृत्ती) वर सुरू होतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर लोड होतो आणि आवाजही येतो. त्यासाठी सिस्टीमच्या एकाही लायब्ररीला (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या फाइलला) हात लावलेला नाही, आणि या कामात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

पहिला अडथळा फसवा असतो. फाइल समोर दिसत असते, तरी बॅश, म्हणजे कमांड घेणारा शेल, म्हणतं 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. बॅश ५.२ पासून संदेश थोडा नेमका झाला आहे: 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड'. सापडत नाही तो प्रोग्राम नव्हे, तर त्याचा लोडर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्या मेमरीत जोडणारा छोटा प्रोग्राम. 'फाइल' कमांड प्रोग्रामवर चालवली की इंटरप्रिटर (लोडरचंच दुसरं नाव) म्हणून '/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२' दिसतो, कर्नल आधी तोच शोधतं. उपाय: 'डीपीकेजी --अॅड-आर्किटेक्चर आय३८६', मग 'एपीटी अपडेट', मग 'लिबसी६:आय३८६' आणि 'लिबएसटीडीसी++६:आय३८६'. 'लिबसी६-आय३८६' हे मिळत्याजुळत्या नावाचं पॅकेज टाळावं. त्यात ३२-बिट सी लायब्ररी येते, बाकीच्या लायब्रऱ्यांसाठी शेवटी मल्टिआर्चकडेच, म्हणजे वरच्या ':आय३८६' पॅकेजांच्या मार्गाकडेच, यावं लागतं.

यानंतर प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारी 'एलडीडी' कमांड चालवून 'नॉट फाउंड' असलेल्या ओळी बघायच्या. फाइल अनोळखी असेल तर 'एलडीडी'ऐवजी 'रीडएल्फ -डी' वापरा, कारण 'एलडीडी' कधीकधी प्रोग्रामच चालवून बसतं. एक मर्यादा दोन्हींना आहे: प्रोग्राम चालू झाल्यावर 'डीएलओपन'ने मागवलेल्या लायब्रऱ्या या यादीत येत नाहीत. त्या 'एलडी_डीबग=लिब्ज' लावून चालवल्यावर दिसतात.

इथे अडला तो लिबपीएनजी१२, पीएनजी चित्रं वाचणारी जुनी लायब्ररी. नव्या लिबपीएनजी१६ ला जुन्या नावाची सिमलिंक (त्या फाइलकडे नेणारं दुसरं नाव) द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. प्रोग्राम फक्त फाइलचं नाव बघत नाही, 'पीएनजी१२_०' अशी आवृत्तीची खूण लावलेली सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं) मागतो आणि नव्या लायब्ररीत ती नसतात. लिंक '/यूएसआर/लिब'मध्ये ठेवली तर पुढे दुसराच एखादा प्रोग्राम तिच्यात अडकतो आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात. डेबियन ८ चं 'लिबपीएनजी१२-०' आय३८६ पॅकेज डेबियनच्या जुन्या संग्रहातून घ्यायचं, इन्स्टॉल न करता 'डीपीकेजी-डेब -एक्स'ने एका रिकाम्या फोल्डरात उलगडायचं आणि '.एसओ' फाइल प्रोग्रामच्या 'लिब'मध्ये टाकायची.

आता ती प्रोग्रामला सापडली पाहिजे. लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारा 'एलडी_लायब्ररी_पाथ' हा व्हेरिएबल चालतो, पण तो प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक प्रक्रियेकडे वारशाने जातो; मदतीचं पान उघडायला ब्राउझर बोलावला की त्याच्याही माथी जुन्या लायब्रऱ्या येतात. म्हणून शोधायचा मार्ग (आरपाथ) प्रोग्रामच्या फाइलमध्येच लिहिणारं 'पॅचएल्फ' बरं. मूळ फाइलची प्रत काढून 'पॅचएल्फ --फोर्स-आरपाथ --सेट-आरपाथ' आणि पुढे '$ओरिजिन/लिब', म्हणजे प्रोग्रामच्या शेजारचं 'लिब' फोल्डर. हा मार्ग एकेरी अवतरणातच हवा, नाहीतर शेल '$ओरिजिन' हा व्हेरिएबल समजून तिथे रिकामी जागा ठेवतं. 'फोर्स' वगळलं तर 'रनपाथ' लिहिला जातो, आणि तो फक्त प्रोग्रामने थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांना लागू होतो. त्या लायब्रऱ्यांच्या लायब्रऱ्या मग सापडत नाहीत. अर्धवट यश मिळतं तेव्हा बहुतेकदा हेच कारण निघतं.

ग्राफिक्ससाठी 'लिबजीएल१:आय३८६' आणि 'लिबजीएल१-मेसा-डीआरआय:आय३८६' टाकूनही ड्रायव्हर लोड होईना. 'लिबजीएल_डीबग=व्हर्बोस' लावल्यावर खरं कारण दिसलं: 'जीएलआयबीसीएक्सएक्स'ची (सी++ लायब्ररीच्या सिम्बॉलांवरच्या खुणेची) हवी ती आवृत्ती नाही. प्रोग्रामने स्वतःची जुनी 'लिबएसटीडीसी++.एसओ.६' आधीच मेमरीत आणलेली असते; मेसा (लिनक्सचे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) ज्यावर चालतं ते एलएलव्हीएम, म्हणजे कोड तयार करणारी लायब्ररी, नवी मागतं, पण त्याच नावाची लायब्ररी हजर असल्याने लोडर दुसरी आणत नाही. सॉफ्टवेअर रेंडररलाही एलएलव्हीएमच लागतं, म्हणून तोही पडतो. प्रोग्रामच्या फोल्डरातल्या त्या फाइलचं नाव बदलायचं, की सिस्टीमची नवी वापरली जाते. हे निर्धास्त करता येतं, कारण '.एसओ.६' ही मालिका जीसीसी ३.४ पासून मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत राहिली आहे. सोबतची 'लिबजीसीसी_एस.एसओ.१' असेल तर तीही बाजूला करा.

एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर असेल तर वरची मेसाची पॅकेजं पुरत नाहीत. 'एनव्हिडिया-ड्रायव्हर-लिब्ज:आय३८६' लागतं, आणि त्याची आवृत्ती कर्नल मॉड्यूलशी तंतोतंत जुळावी लागते.

आवाजाचं निदान सोपं होतं. अल्साची (लिनक्सच्या ध्वनी यंत्रणेची) सेटिंग फाइल ६४-बिट आणि ३२-बिट प्रोग्रामना एकच असते. तिच्यात 'पल्स'कडे, म्हणजे पल्सऑडिओ या ध्वनी सर्व्हरकडे, जा असं लिहिलेलं, पण ३२-बिट प्लगइनच नाही. 'लिबअसाउंड२-प्लगइन्स:आय३८६' टाकल्यावर आवाज आला.