बोलोन्याचा रागू माझ्या हातानं

इटलीतल्या बोलोन्यात राहायला आल्यापासून इथला मांसाचा सॉस, म्हणजे रागू, घरी करायला शिकायचं हे मनात पक्कं होतं. शेजारच्या आजींना विचारलं, तर त्यांनी आधी अट घातली: लसूण आणायचा नाही. मी कोल्हापूरची. आलं-लसणाशिवाय खिमा शिजतो हे पटायलाच मला वेळ लागला.

या शहरानं हे प्रकरण फार मनावर घेतलं आहे. १९८२ साली इटालियन पाककला अकादमीनं रागूची कृती इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती दाखल केली. मी जुन्याच मापानं करते: ३०० ग्रॅम बीफचा जाडसर खिमा, १५० ग्रॅम पॅनचेट्टा (डुकराच्या पोटाकडचं मिठात मुरवलेलं, चरबीदार मांस), कांदा, गाजर आणि सेलरी प्रत्येकी ५० ग्रॅम, अर्धा ग्लास वाइन, एक ग्लास दूध. आणि टोमॅटोचा गाळलेला रस फक्त पाच चमचे! बाहेर ज्याला बोलोनीज म्हणून वाढतात त्या लालभडक सॉसशी याचं नातं दूरचंच. पेलेग्रिनो आर्तुझी या इटालियन लेखकाच्या १८९१ च्या पाकपुस्तकात बोलोन्याच्या पद्धतीचा जो मांसाचा सॉस आहे, त्यात तर टोमॅटो नाहीच.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी बारीक चिरलेला पॅनचेट्टा मंद आचेवर टाकायचा. त्याची चरबी सुटली की तिच्यातच भाज्या मऊ करायच्या. मग खिमा, आणि इथे आच वाढवायची. खिम्याला पाणी सुटतं. ते पूर्ण आटेपर्यंत हात राखायचा, सारखं ढवळायचं नाही. पाणी आटलं की आवाज बदलतो, खदखद थांबून चरचर सुरू होते आणि तळाला तपकिरी खरपूस थर धरायला लागतो. आजी पातेल्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "आता वाइन ओत." वाइननं तो थर सुटून सॉसमध्ये उतरतो. रागूची सगळी चव माझ्या मते इथेच ठरते. पाण्यातच शिजलेला खिमा पुढे कितीही तास ठेवला तरी फिकाच लागतो.

वाइनचा वास उडाला की टोमॅटो आणि थोडं स्टॉक (मांस-हाडं उकळून गाळलेलं पाणी) घालून आच अगदी बारीक करायची. दोन-तीन तास मध्येच एखादा बुडबुडा यावा इतकीच. कोरडं वाटलं तर पळीभर स्टॉक. दूध मी शेवटच्या तासात थोडं थोडं घालते, टोमॅटोचा आंबटपणा त्यानं मऊ होतो. नव्या कृतीत दूध ऐच्छिक केलं आहे, पण मी ते कधीच वगळत नाही. मीठ अगदी शेवटी, कारण पॅनचेट्टा मुळातच खारट.

स्पॅगेटीवर हा सॉस टिकत नाही, घसरून ताटलीत खाली बसतो. इथे अंडी घालून मळलेल्या पिठाची तालियातेल्ले (रुंद पट्ट्यांचा पास्ता) घेतात. तिचा खरखरीतपणा खिम्याला धरून ठेवतो. पास्ता निथळून थेट सॉसच्या पातेल्यात टाका, पास्त्याचं थोडं पाणी घालून मिनिटभर एकजीव करा आणि वरून पार्मेजान चीज किसा. उरलेला रागू दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतो, म्हणून मी नेहमी दुप्पट करते.