बेल्साइझ पार्कच्या फलाटावर

लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात आगाऊ वेळ घेतली की पेटीत जपलेली चित्रं टेबलावर मांडून दाखवतात. मी मागितलं होतं ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं लिव्हरपूल स्ट्रीटच्या भुयाराचं १९४१चं चित्र. जेमतेम दीड फुटाचा कागद. लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन पूर्वेकडे वाढवायचं काम दुसऱ्या महायुद्धामुळे थांबलेलं, रूळही न टाकलेलं ते भुयार. दोन्ही कडांना बॉम्बहल्ल्यापासून आसऱ्याला आलेली माणसं निजलेली, ओळी लांब काळोखात शिरत गेलेल्या. मेणखडूवर जलरंग धरत नाही, त्यामुळे अंगं पांढुरकी उमटली आहेत. त्यांवर शाईच्या रेघा, जणू प्रत्येकाला सुतात गुंडाळलंय. मूर यांची मोठमोठी ब्राँझ शिल्पं मी पाहिली आहेत. त्यांतलं एकही मला या कागदाइतकं भिडलं नाही.

तिथून भुयारी रेल्वेने बेल्साइझ पार्क गाठलं. सप्टेंबर १९४०मध्ये एका रात्री मूर पती-पत्नी जेवून परतताना याच स्टेशनात अडकले. वर बॉम्ब पडत होते, तासभर कुणाला बाहेर सोडेनात. मूर फलाटावर झोपलेल्या माणसांकडे पाहत राहिले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या कांब्रेला विषारी वायूने होरपळलेला हा खाणकामगाराचा मुलगा. युद्ध त्यांना नवं नव्हतं. पुढे ते अधिकृत युद्धचित्रकार झाले आणि रात्री-रात्री स्टेशनं हिंडले. पण लोकांसमोर वही उघडून बसले नाहीत. कुणी कपडे बदलतंय, कुणी लेकरांना निजवतंय. त्यांचं चित्र तिथेच काढणं त्यांना पटेना. एका बाजूला जाऊन दोन शब्द टिपायचे, चित्र घरी आठवणीतून. मला वाटतं, म्हणूनच त्या माणसांना नाकडोळे जवळजवळ नाहीत. कुणाचाही चेहरा त्यांनी चव्हाट्यावर आणला नाही.

फलाटावर आता गाडीची वेळ दाखवणारी पाटी आणि वाऱ्याचा झोत. बाकावर एक मध्यमवयीन बाई बसल्या-बसल्या झोपल्या होत्या. कमान, मागे भुयाराचं काळं तोंड, पुढे कलंडलेली मान. मी फोन वर धरलासुद्धा. मग पर्समध्ये टाकला.

दोनशेवर पायऱ्यांचा गोल जिना चढून वर आले. धाप लागली होती. रस्त्यावर येताच वहीत लिहिलं : डाव्या बुटाची नाडी सुटलेली. पिशवीवर दोन्ही हात.