तुम्ही विचारलंत म्हणून: एका अक्षरावर एवढा काथ्याकूट का?

मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या असेंब्ली कोडमध्ये ‘बीएलटी’ या उडीच्या सूचनेचं ‘बीएलओ’ केलंत, एवढंच ना? माझं काम पाहिलेला प्रत्येक जण हे विचारतो. खरं तर बदल अक्षराचाही नाही, एका बिटाचा आहे. एआरएम प्रोसेसरच्या ३२ बिटी इन्स्ट्रक्शनमध्ये वरचे चार बिट अट सांगतात: बीएलटीचे १०११, बीएलओचे ००११.

दोन्हींचा अर्थ ‘लहान असेल तर उडी मार’. फक्त पहिली आकडा चिन्हासकट वाचते, दुसरी चिन्हाविना. मेमकॉपी म्हणजे मेमरीतला एक ब्लॉक दुसरीकडे कॉपी करणारं फंक्शन; त्याला मिळणारी लांबी कधीच ऋण नसते. सीमध्ये लिहिलं असतं, तर व्हेरिएबलचा टाइप बघून कंपायलरनेच योग्य उडी निवडली असती. असेंब्लीत रजिस्टरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेला, टाइप नसतो. नुसते ३२ बिट. त्यामुळे लांबी २१४७४८३६४८ झाली की चुकीची उडी तिला उणे समजते, म्हणजे ६४ पेक्षा ‘लहान’, आणि छोट्या कॉपीच्या वाटेला लावते. मोजके बाइट हलतात, फंक्शन साळसूदपणे परत येतं.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला: ३२ बिटी मशीनवर पत्त्यांची जागाच ४ जीबी. दोन-दोन जीबीचे दोन वेगळे ब्लॉक, वर प्रोग्रॅम स्वतः, मावणार कुठे? म्हणजे चूक मेमकॉपीला बोलावणाऱ्या प्रोग्रॅमची, आपण का निस्तरायची?

मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. एवढी लांबी येते ती बहुधा कुठेतरी वजाबाकी शून्याखाली घसरल्यामुळे. तेव्हा प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळायला हवा. २०२० साली जीलिबसीच्या (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीच्या) एआरएमव्ही७ मेमकॉपीत नेमका हाच दोष नोंदला गेला: कोसळायच्या जागी प्रोग्रॅम पुढे चालत राहतो. बिघडलेल्या अवस्थेत चालत राहिलेल्या प्रोग्रॅमपेक्षा मेलेला मला कधीही परवडतो.

मग शोधा आणि सरसकट बदला? तेही चालत नाही. आतल्या काही लूपमध्ये उरलेली लांबी मुद्दाम ६४ ने कमी करून ठेवलेली असते. तिथे ऋण आकडा अपेक्षितच असतो आणि चिन्हवाली उडीच बरोबर. प्रत्येक उडीच्या आधी फ्लॅग (तुलनेचा निकाल ठेवणारे बिट) कोणी बदलले हे मागे जाऊन वाचावं लागतं. वेळ जातो तो इथे.

आणि चाचणीत. मेममूव्ह या मेमकॉपीच्या भावंडात ब्लॉक एकमेकांवर आलेले चालतात, त्यामुळे तिथे दोन जीबीच्या पुढची लांबी रीतसर देता येते. तेवढी मेमरी लागू नये म्हणून एकच छोटा तुकडा ओळीने अनेक पत्त्यांवर मॅप करायचा.