बाबांचा 'श्री'

आज माळा आवरताना बाबांच्या छापखान्यातली खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांची पेटी सापडली. शिशाचा एक 'श्री' बोटांत धरला. अक्षर उलटं, वेलांटीची कड झिजलेली. लग्नपत्रिका असो की किराणावाल्याचं बिलबुक, आधी हाच लागायचा. बाबा एकेक खिळा जुळवून ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, पायाने चालवायचे. छापलेल्या कागदामागे हात फिरवला की अक्षरं बोटांना लागायची.

आपल्या पुण्यात १८७८ साली चित्रशाळा हा छापखाना निघाला, तिथे रंगीत चित्रं दगडावरून छापत. जितके रंग तितके दगड!

खाली गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवून उभं होतं. दहा बाय चारचा फ्लेक्स, लगेच हवा. माझं घर त्यावरच चालतं, त्यामुळे तक्रार नाही. पण मजकुरात 'हार्दीक' होतं. ते 'हार्दिक' केलं, मगच मशीनला लावलं. बाबांनीही तेच केलं असतं. 'श्री' आता गल्ल्यात ठेवलाय.