कोलोन स्टेशनवरची ४७११

आज गाडी जर्मनीतल्या कोलोनच्या स्टेशनात शिरली आणि १८९४ सालच्या त्या लोखंड-काचेच्या प्रचंड छताखाली उजळलेली पाटी दिसली: ४७११, कोलनवॉटरच्या एका ब्रँडचं नाव. पाय तिथेच थबकले. लहानपणी ताप चढला की आई कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायची. तो गार, लिंबाच्या सालीसारखा वास या गावचा! ४७११ हा ग्लोकनगासे नावाच्या गल्लीतल्या घराचा नंबर, अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच अमलात पडलेला. (मूळ कोलन त्याहून जुनं, १७०९ साली सुरू झालेल्या फारिनांच्या पेढीचं.) बाहेर एवढं भव्य कॅथीड्रल, पण मी पाटीखालीच रेंगाळले. एक छोटी बाटली घेतली. रात्री आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर म्हणते, "दमली असशील. घडी ओली कर आणि ठेव कपाळावर."