शेरू पत्र्यापाशीच थांबला

आज सकाळी नागपूरच्या गांधीसागर तलावापाशी आमचा शेरू निळ्या पत्र्यासमोर फतकल मारून बसला. ओढला तरी हलेना. पत्र्याखालच्या बोटभर फटीत नाक खुपसून नुसता हुंगत राहिला.

तलावाकाठच्या नव्या कामाचं कुठवर आलं ते पाहावं, म्हणून मुद्दाम तिकडे वळलो होतो. दिसलं काय? गिट्टीचा ढीग, सळाखी आणि पत्र्याच्या वरून तलावाची एक पट्टी.

बाजूच्या टपरीवरचे काका चहा ओतता ओतता म्हणाले, "काऊन भाऊ, त्याले पानी पाह्यजे का? आता थे फक्त पाह्याले भेटन, फोटो काढाले."

हसलो खरा, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना.

गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला हा जुम्मा तलाव (गांधीसागरचं जुनं नाव). त्यानं तो सेल्फीसाठी नक्कीच बांधला नव्हता. मला नवा फुटपाथ, दिवे, बाकं सगळं हवंच आहे (मीच तर त्या बाकांवर बसणार!). पण नवीन काठावरून पाण्यापर्यंत उतरायला चार पायऱ्या तरी ठेवतील का हो? कोणी नकाशा पाहिलाय का?

शेरूनं शेवटी काकांच्या बादलीतलं पाणी प्यालं.