लॉग ५ : सहा मीटर नळी आणि एकतीस सेकंद

मंडळी, गेल्या लॉगमध्ये पाण्याचं तापमान आपोआप एका आकड्यावर धरून ठेवायची घरगुती रिग उभी राहिली होती, पण पाणी तापलं नव्हतं. त्यानंतरचे तीन रविवार ती दिवसभर चालवली. आज त्याचा हिशेब.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. उंच, अरुंद स्टीलचा डबा, नळीसकट एकूण चार लिटर पाणी, त्यात १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड. तळाशी कूलरचा छोटा पंप. पंपातून पाणी १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या सहा मीटर पारदर्शक नळीच्या वेटोळ्यातून जातं आणि परत डब्यात पडतं. नळीच्या शेवटच्या टोकाला पीटी-१०० सेन्सर, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स वाढणारा. वरच्या बादलीतून मिनिटाला ३०० मिलिलिटर गार पाणी सतत डब्यात येतं, तेवढंच ओव्हरफ्लोने बाहेर जातं. हा लोड, म्हणजे उष्णतेचा सततचा खर्च, मुद्दाम ठेवलाय. लोड नसला तर रॉड एकदा तापवून गप्प बसतो आणि कंट्रोलरला (सेन्सर वाचून रॉड चालू-बंद करणाऱ्या आर्डुइनोला) कामच उरत नाही. सेटपॉइंट, म्हणजे टिकवायचं तापमान, ४५ अंश, कारण कूलरचा पंप याहून गरम पाण्यासाठी बनवलेला नसतो.

नळी एवढी लांब का, असं दोघांनी विचारलं होतं. दूध पाश्चराइज करताना ते ७२ अंशांना तापवून १५ सेकंद एका होल्डिंग ट्यूबमधून नेतात. आमच्या तालुक्यातल्या डेअरीत ती नळी पाहिली तेव्हापासून घरी तसलं काहीतरी करायचं डोक्यात होतं.

पहिला रविवार साध्या ऑन-ऑफवर गेला. ४५ च्या खाली रॉड चालू, वर बंद. ४५.० ला रिलेने वीज बंद केली, रॉडवरचा दिवा विझला, आणि आकडा चढतच राहिला. ४५.६, ४६.२, ४६.७. शेवटी ४६.९ ला थांबला. उतरताना तोच प्रकार, ४४.२ पर्यंत खाली. प्रोग्रॅम तीनदा तपासला, त्यात चूक नव्हती. मग पंपाच्या तोंडाशी खायच्या लाल रंगाचा एक थेंब सोडला आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. लाल पट्टा वेटोळ्यातून गोल गोल सरकत सेन्सरपाशी पोचायला २७ सेकंद लागले. कागदावर मांडलं तर तेच निघतं: नळीत ६८० मिलिलिटर पाणी मावतं, प्रवाह सेकंदाला २५ मिलिलिटर. रॉडच्या आणि सेन्सरच्या धातूला तापायला आणखी चारेक सेकंद. म्हणजे कंट्रोलर जे तापमान बघून निर्णय घेत होता, ते एकतीस सेकंदांपूर्वीचं होतं.

यालाच डेड टाइम म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या कितीदा वाचली होती, पण तो लाल पट्टा सरकताना बघितला तेव्हा ती खरी कळली.

दुसऱ्या रविवारी प्रोपोर्शनल, म्हणजे सेटपॉइंटपासून जितका फरक तितका रॉडचा जोर. एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) दोन सेकंदांच्या खिडकीत चालवतो, म्हणजे ३० टक्के आउटपुट असेल तर ०.६ सेकंद चालू, १.४ बंद. गेन १० ठेवला, एका अंशाच्या फरकाला १० टक्के. पाणी ४२.४ ला स्थिर झालं आणि तिथून हलेना. ४५ ला टिकायचं तर गार पाण्याचा लोड आणि हवेत जाणारी उष्णता मिळून रॉडला साधारण ३० टक्के चालावं लागतं. पण फरक शून्य झाला की प्रोपोर्शनलचं आउटपुटही शून्य. त्यामुळे रॉड चालता ठेवण्यापुरता फरक उरणारच. हा ऑफसेट घालवायला इंटिग्रल, म्हणजे फरकाची वेळेबरोबर साठत जाणारी बेरीज, लागतो. ज्यांना ‘आय’ कशाला असा प्रश्न पडतो त्यांनी एकदा असा अडकलेला आकडा अर्धा तास बघावा.

ट्यूनिंगसाठी, म्हणजे हे आकडे ठरवायला, झीगलर आणि निकल्स या इंजिनिअरांची १९४२ सालची रीत वापरली. इंटिग्रल बंद ठेवून गेन वाढवत न्यायचा, लूप (सेन्सर, कंट्रोलर, रॉड ही साखळी) एकसारखा हंट करू, म्हणजे वर-खाली झुलत राहू लागेपर्यंत. माझा लूप गेन ५६ ला हंट करू लागला, एक आवर्तन १२२ सेकंदांचं. विलंबाच्या चौपट, हे ध्यानात ठेवा. पीआयसाठी (प्रोपोर्शनल अधिक इंटिग्रल) त्या गेनच्या ०.४५ पट आणि आवर्तन भागिले १.२, म्हणजे गेन २५ आणि इंटिग्रलचा वेळ १०२ सेकंद. लूप चालला, पण प्लॅस्टिकच्या मगने अर्धा लिटर गार पाणी ओतलं की सावरायला सात मिनिटं आणि मध्ये चार हेलकावे. १४ आणि १८० केल्यावर शांत झाला, पण सुस्त.

त्याच दिवशी गार पाण्यापासून सुरुवात केली तेव्हा आकडा ५२ च्या वर गेला आणि मी मेन स्विच बंद केला. रॉड पहिली चार-पाच मिनिटं पूर्ण क्षमतेने चालत असताना इंटिग्रल मागे नुसता साठत होता. ४५ ओलांडल्यावरही तो साठा संपेपर्यंत रॉड बंद होईना. हाच विंडअप. आता आउटपुट १०० टक्क्यांना टेकलं की इंटिग्रलची बेरीज थांबवतो. दोन ओळींचं काम आहे, ते पहिल्या दिवशीच करा.

तिसऱ्या रविवारी आकड्यांना हात न लावता सेन्सरच हलवला. पंपापासून ४० सेंटिमीटरवर टी-जॉइंट टाकून दुसरा पीटी-१०० बसवला आणि लूप त्याच्यावर दिला. विलंब एकतीसवरून सहा सेकंदांवर आला. गेन ६०, इंटिग्रल ६० सेकंद. आधीच्या जागी ५६ लाच हंट करणारा लूप आता ६० ला गुमान बसतो! तोच अर्धा लिटर गार पाण्याचा मग पुन्हा ओतला: ४२.९ पर्यंत घसरण, आणि मिनिटाभरात परत ४५, वर गेला तो जेमतेम ०.३. मला इतका आनंद झाला की बादली रिकामी होईपर्यंत मग ओतत राहिलो. तीन आठवडे ट्यूनिंगमध्ये जे शोधत होतो ते नळीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

टोकाचा सेन्सर काढलेला नाही. डेअरीतही कामाची अशीच वाटणी असते: तापवण्यावर ताबा ठेवणारा सेन्सर हीटरच्या बाहेर पडताना, आणि दूध पुढे जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणारा होल्डिंग ट्यूबच्या शेवटी. उशिरा कळणारा आकडा ताबा ठेवायला वाईट, पण दूध नळीच्या शेवटपर्यंत पुरेसं गरम राहिलं याची खात्री तोच देतो.

सुरक्षेचं एक. पीटी-१०० ची वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत, तापमान प्रचंड दिसतं आणि रॉड बंद होतो. वायर शॉर्ट झाली तर उणे दोनशेच्या खाली दिसतं आणि रॉड पूर्ण चालू! म्हणून शून्याखालचा आकडा आला की प्रोग्रॅम रॉड बंद करतो. त्याशिवाय ६० अंशांचा थर्मोस्टॅट आणि फ्लोट स्विच रॉडच्या कॉन्टॅक्टरच्या (मोठ्या रिलेच्या) कॉइलला सिरीजमध्ये आहेत, आर्डुइनोशी त्यांचा काही संबंध नाही. डब्याला अर्थिंग, लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज बंद करणारा स्विच). कंट्रोल आणि संरक्षण एकाच मेंदूवर सोपवू नका.

पुढचं काम डायव्हर्जन वॉल्व्हचं. टोकाला तापमान कमी पडलं की पाणी डब्यात परत, पुरेसं असेल तरच पुढच्या भांड्यात. आणि वीज गेली तर आपोआप परतीच्या बाजूला. वॉशिंग मशीनचा इनलेट वॉल्व्ह लावून पाहिला, पण त्याला उघडायला नळाचा दाब लागतो आणि कूलरच्या पंपाची जेमतेम दीड मीटरची उचल पुरत नाही. कमी दाबावर उघडणारा, १२ व्होल्टचा डायरेक्ट अ‍ॅक्टिंग थ्री-वे वॉल्व्ह कुणी वापरला असेल तर कळवा, विशेषतः ४५ अंशांच्या पाण्यात त्याचं रबर किती टिकलं ते.